गाडी बंद, सामना चालू

२०२५ च्या नाताळात इंग्लंडच्या फुटबॉलविश्वाने मोठाच गळा काढला. बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, प्रीमियर लीगने फक्त एक सामना ठेवला होता: मँचेस्टर युनायटेड विरुद्ध न्यूकॅसल, रात्री आठ वाजता. परंपरा बुडाली, टीव्हीवाल्यांनी सण खाल्ला, युरोपीय स्पर्धांनी वेळापत्रक गिळलं, असं सगळं बोलून झालं आणि आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांनीही त्यात सूर मिसळला. उरलेले नऊ सामने कुठे गेले, याचा जाब जो तो मागत होता. पण जो एक सामना ठेवला होता, त्याला न्यूकॅसलची माणसं पोचणार कशी? त्या दिवशी ब्रिटनमधली रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते. न्यूकॅसल ते मँचेस्टर हे अंतर रस्त्याने २३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे-नाशिकपेक्षा थोडं जास्तच. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. सामना संपायला रात्रीचे दहा वाजतात.

हा प्रश्न निघतो तेव्हाही त्यावरचा वाद ठरलेल्या दोन रुळांवरूनच धावतो. एक पक्ष म्हणतो, सणाच्या दिवशी गाड्या चालवा, युरोपात इतरत्र चालतात मग इथेच काय धाड भरली आहे? दुसरा म्हणतो, रेल्वेच्या माणसांनाही घरदार आहे, हौसेला मोल नसतं, स्वतःची गाडी काढा नाहीतर घरी टीव्ही लावा. दोन्ही पक्ष रेल्वेकडे बोट दाखवतात आणि ज्याने रात्री आठची वेळ ठरवली तो नामानिराळा राहतो. माझं म्हणणं असं की गाड्या बंद असतात त्या बंदच राहू द्याव्यात. पण बंद गाड्यांच्या दिवशी सामना लावणाऱ्याने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना नेण्या-आणण्याचा भार उचलला पाहिजे, आणि ते नको असेल तर त्या दिवशी लांबचा सामना लावता कामा नये.

परंपरेची एवढी आठवण निघालीच आहे, तर ती उभी कशावर होती तेही पाहू. दोन क्लबांमधला पहिला सामना १८६० साली २६ डिसेंबरलाच झाला. शेफील्ड आणि हॅलम हे दोघेही एकाच शहराच्या परिसरातले, मैदान सँडीगेटचं. १८७१ च्या कायद्याने २६ डिसेंबर ही अधिकृत सुट्टी झाली. कारखान्यातल्या माणसाच्या हाती मोकळा दिवस आला आणि त्या दिवशी मैदानं भरू लागली. पुढे कितीतरी वर्षं २५ आणि २६ डिसेंबर असे लागोपाठ दोन्ही दिवस सामने होत आणि बरेचदा तेच दोन संघ एकदा याच्या घरी तर एकदा त्याच्या घरी खेळत. नाताळच्या दिवशीचा शेवटचा भरगच्च कार्यक्रम १९५७ चा. त्यानंतर तुरळक सामने झाले आणि १९६५ च्या नाताळात ब्लॅकपूलने ब्लॅकबर्नला ४-२ असं हरवलं, तो इंग्लंडच्या लीगमधला शेवटचा. दोन्ही गावं लँकेशायरमधली. आता सगळे जवळचेच संघ खेळत असं मात्र नव्हे. १९६३ च्या ज्या बॉक्सिंग डेला तेव्हाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या विभागातल्या दहा सामन्यांत ६६ गोल झाले, त्याच दिवशी ब्लॅकबर्नने थेट लंडनमध्ये जाऊन वेस्ट हॅमला ८-२ असं धुतलं आणि दोनच दिवसांनी वेस्ट हॅमने ब्लॅकबर्नला जाऊन उट्टं काढलं. पण त्या काळी नाताळातही गाड्या धावत. पुढे आधी २५ तारखेच्या आणि मग हळूहळू २६ च्याही बहुतेक गाड्या गेल्या. फुटबॉलने तारीख तेवढी धरून ठेवली. त्या ६६ गोलांची यादी दर डिसेंबरला नव्याने छापून येते, गाड्यांबद्दल त्यात ओळही नसते.

मग त्या गाड्या पुन्हा सुरू करणं हाच सरळ उपाय नाही का? या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं फुटबॉलच्या पलीकडचं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. २६ डिसेंबरला इस्पितळातली परिचारिका कामावर जाते, दुकानातला विक्रेता सेलसाठी जातो, म्हातारी आई दुसऱ्या गावात एकटी असते. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यासाठी देश दोन दिवस कुलूपबंद. सार्वजनिक वाहतूक ही अत्यावश्यक सेवा मानायची, तर तिला अशी सुट्टी कशी? मराठी वाचकाला तर हे आणखी विचित्र वाटेल. आपल्याकडे सण आला की गाड्या वाढतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री मुंबईत लोकल पहाटेपर्यंत धावतात, ३१ डिसेंबरला जादा लोकल सुटतात, आषाढीला एसटी पंढरपूरसाठी हजारोंनी जादा बस सोडते. सणाला घरी जायचं आणि तेव्हाच रेल्वे बंद, हे आपल्या डोक्यातच शिरत नाही.

पण मुंबईकराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. रूळ बदलायचे, ओव्हरहेड वायर ओढायची, सिग्नल दुरुस्त करायचे तर गाडी थांबवावी लागते, आणि थांबवायचीच तर कमीत कमी लोकांचं अडेल अशा दिवशी थांबवावी. त्याच रविवारी ज्याच्या घरी लग्न असतं किंवा ज्याची स्पर्धा परीक्षा असते तो शिव्या घालतो, आणि त्याचंही खरंच असतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मशीद बंदरजवळचा जुना कर्नाक पूल पाडताना मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला होता, तोही शनिवार-रविवार पाहूनच. ब्रिटनमधले नाताळचे दोन दिवस हा असाच देशव्यापी मेगाब्लॉक आहे. कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं रुळांवर उतरतात आणि जे काम वर्षभर रात्रीच्या तीन-चार तासांच्या फटीत जमणार नाही ते उरकतात. ते वेळेत झालं नाही तर काय होतं, हे २०१४ ला लंडनने पाहिलं. हॉलोवे इथलं रुळांचं काम लांबलं, २७ डिसेंबरला किंग्ज क्रॉस हे मोठं स्टेशन उघडलंच नाही, सगळी गर्दी छोट्या फिन्सबरी पार्क स्टेशनावर लोटली आणि शेवटी त्या स्टेशनाचीही दारं लावून घ्यावी लागली.

‘जर्मनीत चालतात’ हे उदाहरण देणाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. पहिली, जर्मनीत त्या आठवड्यात बुंडेसलिगाचा, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगचा, सामना असतो का? तिथे हिवाळ्याची सुट्टी असते. दुसरी, जर्मन रुळांची दुरुस्ती मग होते कधी? वर्षानुवर्षं थोडंथोडं काम पुढे ढकलत राहिल्यावर २०२४ मध्ये फ्रँकफर्ट ते मॅनहाइम हा जेमतेम ७० किलोमीटरचा, पण देशातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक असलेला पट्टा त्यांना सलग पाच महिने बंद ठेवावा लागला. रुळाला विश्रांती कुठे ना कुठे द्यावीच लागते, मग ती दोन दोन दिवस करून द्या नाहीतर पाच महिने एकदम. मात्र याच जर्मन उदाहरणातली एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. तो मार्ग बंद झाला १५ जुलैला. युरो स्पर्धेचा अंतिम सामना बर्लिनमध्ये झाला तो १४ जुलैला. म्हणजे रेल्वे आणि फुटबॉल एका टेबलाशी बसू शकतात. प्रश्न टेबलाशी बोलावतो कोण, याचा आहे.

आणि माणसांच्या सुट्टीचं काय? सुट्टीची चेष्टा करणाऱ्या मराठी माणसाने नारायण मेघाजी लोखंडे आठवावेत. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, रविवार हा खंडोबाचा वार आहे अशी आपल्या मातीतली बाजूही मांडली, तेव्हा कुठे १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. सुट्टी कधी कोणी आपण होऊन दिलेली नाही. एसटीच्या कर्मचाऱ्यांनी २०१७ च्या दिवाळीत चार दिवस संप केला, तेव्हा स्टँडवर अडकलेल्यांचा संताप खरा होता, पण वर्षानुवर्षं दिवाळीच्या पहाटे स्टिअरिंगवर बसणाऱ्याचंही काही म्हणणं होतं. तीन हजार पाहुण्या प्रेक्षकांसाठी सिग्नलच्या केबिनपासून तिकीटखिडकीपर्यंत अख्ख्या जाळ्याला कामावर बोलवा असं म्हणणं मला तरी जमत नाही. परिचारिकेसाठी आणि एकट्या आईसाठी मर्यादित बस-गाड्यांची मागणी जरूर व्हावी, पण ती त्यांच्या नावाने व्हावी. फुटबॉलने त्यांना पुढे करून आपली सोय बघू नये.

इथे मला आठवतो तो स्कॉटलंडमधला स्ट्रोम फेरीचा दंगा. १८८३ चा जून. स्टॉर्नोवेहून आलेली मासळी रविवारी पहाटे त्या छोट्या बंदरात उतरवून रेल्वेत चढवली जात होती, कारण सोमवारी सकाळी ती लंडनच्या बाजारात पोचायला हवी होती. रविवार कडक पाळणाऱ्या तिथल्या कोळ्यांनी आणि गावकऱ्यांनी धक्का ताब्यात घेतला आणि मासळी हलू दिली नाही. पोलीस कमी पडले, सैन्य सज्ज ठेवण्यापर्यंत मजल गेली, अखेर दहा जणांना तुरुंगात जावं लागलं. त्यांचं धर्माचं गणित मला पटो न पटो, भांडणाचा आकार ओळखीचा आहे. शेकडो मैलांवरच्या बाजाराने वेळ ठरवायची, फायदाही त्यानेच घ्यायचा आणि त्यासाठी सुट्टी मोडायची ती बंदरावरच्या माणसांनी. आजचा लंडनचा मासळीबाजार म्हणजे प्रक्षेपणाचे हक्क. २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी प्रीमियर लीगने देशांतर्गत हक्क ६.७ अब्ज पौंडांना विकले. वर्षाला अडीचशेहून अधिक सामने थेट दाखवायचे म्हणून सामन्यामागे सरासरी काढली, तर ती साठ लाख पौंडांच्या आसपास जाते. रात्री आठची वेळ कोणासाठी ठरली, हे सांगायला ज्योतिषी नको.

वेळ बदलता येत नाही, असंही नाही. २०१० च्या बॉक्सिंग डेला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या चालकांचा संप होता. आर्सेनलचा स्टोक सिटीशी सामना होता. साठ हजारांचं स्टेडियम, त्यातले बहुसंख्य त्याच रेल्वेने येणारे. काय झालं? सामना पुढे ढकलला आणि फेब्रुवारीत खेळवला. पुढच्या वर्षी पुन्हा संप ठरला, तेव्हा आर्सेनल-वोल्व्हज सामना एक दिवस सरकवून २७ तारखेला नेला. म्हणजे यजमानांच्या दाराशी येणारी गाडी बंद झाली की तारीख हलते. पाहुण्यांच्या गावाहून येणारी प्रत्येक गाडी दर वर्षी, कॅलेंडर छापलं जातं त्या दिवसापासून, बंद असल्याचं ठाऊक असतं, तरी तारीख हलत नाही. हा भेद गर्दीच्या आकाराचा आहे, तत्त्वाचा नव्हे.

‘कोणी जबरदस्ती केलीय? घरी बसा’ हे उत्तर वरवर बिनतोड वाटतं. खरंच कोणी जबरदस्ती करत नाही. पण २०२० साली रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा टीव्हीवाल्यांना ध्वनिमुद्रित आरडाओरडा सोडावा लागला होता, ते विसरलो का आपण? कोपऱ्यातले ते तीन हजार आवाज विक्रीच्या मालाचाच भाग आहेत. खुद्द लीगने हे कबूल केलं आहे. २०१६-१७ पासून पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली, ती काही धर्मादाय म्हणून नव्हे. तिकीट ३० पौंडांत दिलं आणि पोचायला रस्ताच ठेवला नाही, तर त्या सवलतीला अर्थ काय?

त्या रस्त्याचं एकदा जवळून दर्शन घ्या. न्यूकॅसलहून निघालेली बस ए-वन या रस्त्याने दक्षिणेला उतरते आणि लीड्सच्या अलीकडे-पलीकडे पश्चिमेला वळून एम-६२ धरते. पेनाइनच्या डोंगरावरून जाणारा हा महामार्ग इंग्लंडमधला सर्वांत उंचावरचा, माथ्यावर ३७२ मीटर. वारा, धुकं, कधी बर्फ. दोन्ही बाजूंचे पट्टे एका जागी फाकतात आणि मधोमध एक जुनं शेतघर उभं दिसतं, रात्री तेवढाच काय तो दिवा. बसमध्ये बिअरचा डबा उघडायचा नाही, सामन्याला जाणाऱ्या बसमध्ये दारूला १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. चालकाला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर पाऊण तासाची सक्तीची विश्रांती, त्यामुळे वाटेत अडकलात तर मुक्काम लांबतो. सामना संपून, गर्दीतून बाहेर पडून, बस रांगेतून सुटून न्यूकॅसलला पोचेपर्यंत रात्रीचा एक तरी वाजणार. आणि हा झाला नशीबवानाचा प्रवास, ज्याला बसमध्ये जागा मिळाली त्याचा. बाकीचे चौघे मिळून एक मोटार काढतात, त्यातला एक जण आदल्या दिवशीच्या जेवणावळीनंतर दोनदा तोच घाट ओलांडतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, जवळचे सामने. २०२५-२६ च्या प्रीमियर लीगमध्ये एकट्या लंडनचे सात क्लब आहेत. मँचेस्टरचे दोन, लिव्हरपूलचे दोन, शिवाय बर्नली आणि लीड्स डोंगराच्या दोन अंगांना. बर्मिंगहॅमचा अ‍ॅस्टन व्हिला आणि वुल्व्हरहॅम्प्टनचा वोल्व्हज शेजारी. एक दिवस यांच्या यांच्यात जोड्या लावणं एवढं अशक्य आहे का? वेळापत्रक बसवणारे सांगतील की आमच्या डोक्यावर आधीच ढीगभर पथ्यं आहेत: बॉक्सिंग डेला घरी खेळलेला संघ नववर्षाला बाहेर हवा, शेजारचे दोन क्लब एकाच दिवशी घरी नकोत. कबूल. पण शेजारचे दोघे एकमेकांशीच खेळले तर दुसरं पथ्य आपोआप पाळलं जातं. पोलिसांचा आक्षेप जास्त खरा आहे. सणाचा दिवस, पोटात दारू आणि समोर हाडवैरी, हे मिश्रण कोणत्याही ठाणेदाराला नको असतं. न्यूकॅसल-संडरलँड हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, पण तो सामना बॉक्सिंग डेला लावा म्हणण्याची माझीही छाती नाही. म्हणून तर दुपारी साडेबाराची वेळ, आणि शेजारी असले तरी वैर नसलेल्या जोड्या. लंडनच्या सातांत अशा जोड्या सापडतात. न्यूकॅसलसारख्या एकट्या पडलेल्या क्लबचं काय, याला सुरेख उत्तर नाही. खालच्या विभागांतल्या ७२ क्लबांत ही अडचण आणखी बोचते. तिथे बॉक्सिंग डेचा कार्यक्रम भरगच्च असतो, त्याच्यावर कोणी अश्रू ढाळत नाही, आणि प्लायमाउथसारख्या टोकाच्या गावाला एक्सेटर सोडलं तर जवळचं कोणीच नाही.

अशांसाठी दुसरी गोष्ट, बस. पाहुण्यांची तिकिटं जास्तीत जास्त तीन हजार, बसमध्ये पन्नास माणसं, म्हणजे साठ बस. सणाचा दुप्पट दर लावून एका बसला दीड हजार पौंड धरा, नव्वद हजार होतात. वर काढलेल्या सामन्यामागच्या सरासरीचे हे दोन टक्केही नाहीत. काही क्लब आजही आपल्या खिशातून बस सोडतात, ते चांगलंच आहे, पण तो क्लबचा मोठेपणा ठरतो, प्रेक्षकाचा हक्क ठरत नाही. नियमच असावा की रेल्वे बंद असलेल्या दिवशी अमुक अंतरापलीकडचा सामना लावला, तर बसचा खर्च लीगच्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून. खालच्या विभागांत प्रक्षेपणाचा पैसा फार कमी, तिथे हा भार वरच्यांनी उचलावा लागेल, आणि प्रीमियर लीगला ते कडू लागेल हे उघड आहे.

चतुर वाचक म्हणेल, रेल्वेच्या माणसाची सुट्टी वाचवली आणि बसचालकाची घेतली, यात न्याय कुठला? आक्षेप बरोबर आहे. साठ चालक त्या रात्री घरी नसतील. पण स्वखुशीने, दुप्पट मजुरीवर येणारे साठ जण आणि फर्मान काढून कामावर लावलेलं अख्खं जाळं, यात फरक आहे. शिवाय सामना व्हायचा म्हणजे मैदानावरचे रक्षक, पोलीस, खाद्यपदार्थ विकणारे, कॅमेरामन हे तर येणारच. ज्याला कोणाचीच सुट्टी मोडायची नसेल, त्याने सामनाच नको असं म्हणावं. ते म्हणणं प्रामाणिक आहे आणि १९६५ नंतर २५ डिसेंबरच्या बाबतीत इंग्लंडने नेमकं तेच मान्य केलं.

आपण इथे बसून या भानगडीत का पडावं? कारण परदेशी प्रक्षेपणाचा पैसा आता देशांतर्गत पैशाच्याही पुढे गेला आहे आणि त्यात ठाण्याच्या, कोल्हापूरच्या, मडगावच्या घरातली वर्गणीही आहे. मँचेस्टरची रात्री आठची वेळ म्हणजे आपली मध्यरात्रीनंतरची दीड. ती आपल्यासाठी ठेवलेली नाही, हे उघडच आहे. दुपारी साडेबारा म्हणजे आपली संध्याकाळची सहा. जी वेळ त्या बसमधल्या माणसाला संध्याकाळीच घरी पोचवू शकते, तीच आपल्यालाही सोयीची आहे. ‘बॉक्सिंग डेला दहा सामने हवेत’ एवढीच मागणी आपण रेटत राहिलो, तर ती पुरवणं लीगला सोपं आहे. २०२६ मध्ये २६ डिसेंबर शनिवारी येतो आणि जास्त सामने ठेवू असं लीगने सांगूनही टाकलं आहे. ती यादी हाती आली की सामने किती आहेत ते मोजण्याआधी प्रत्येक जोडीसमोर किलोमीटर लिहून काढा, आणि शेजारी सुरू होण्याची वेळ.